वाळूची दृष्ट

"काकी, मला तुमच्यावर एक प्रयोग करायचाय," केतकी दारातूनच म्हणाली.

शालन शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "का गं? कॉलेजातले बेडूक संपले?"

"बेडूक सायन्सवाल्यांना. आम्ही आर्ट्सवाले. आम्हाला माणसं लागतात."

"मग ह्यांना ने. रिटायर झाल्यापासून मोकळेच आहेत."

"काकांचा उपयोग नाही," केतकी म्हणाली. मग तिलाच कसंतरी वाटलं. "म्हणजे, मला पाहिजे ते काकांना येत नाही."

मी पेपर खाली ठेवला. पाटबंधारे खात्यात सगळा जन्म पाण्याची मापं घेण्यात गेला होता. इतकं तोंडावर मला कुणी निरुपयोगी म्हटलं नव्हतं.

केतकी आमच्या शेजारच्या घरातली धाकटी मुलगी. त्या वर्षी बारावीला होती आणि तिनं मानसशास्त्र घेतलं होतं. फलटणला तेव्हा तो विषय घेणारी मुलं थोडी, त्यामुळे घेतलेल्यांना त्याचा फार अभिमान. प्रत्येकाला एक प्रयोग स्वतः आखून, करून, लिहून द्यायचा होता. केतकीनं विषय निवडला होता, दृष्ट.

"तुम्ही दृष्ट काढली की बाळ रडायचं थांबतं, असं सगळी कॉलनी म्हणते. बरोबर?"

"म्हणतात खरं," शालन म्हणाली.

"आमच्या मॅडम म्हणतात, सगळे म्हणतात म्हणून ते खरं होत नाही. मोजावं लागतं."

"मग मोज की. मी कुठं नको म्हणतेय?"

एवढ्यावर ती हो म्हणून मोकळी झाली. मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

आम्हाला मूल झालं नाही. कॉलनीत नवीन राहायला आलो तेव्हा एका बारशाला शालन गेली होती. पाळण्याची दोरी धरायला ती पुढं झाली, तर मागून कुणीतरी म्हणालं, "त्यांना नको हात लावू देऊ." शालन घरी आली, साडी बदलली आणि भाकरी थापायला बसली. मला हे तिनं नाही, शेजारणीनं सांगितलं. पुढं कधीतरी एका घरात बाळ काही केल्या राहीना. सगळे उपाय झाले, सगळ्या बायका थकल्या, तेव्हा शालननं जाऊन मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि पोर झोपलं. त्या दिवसापासून तिच्या हाताला गुण आहे असं ठरलं. ज्या बायका तिला पाळण्यापासून लांब ठेवत होत्या, त्याच तिन्हीसांजेला हाका मारायला लागल्या. कॉलनीतलं प्रत्येक पोर तिच्या हाताखालून गेलं.

आता ही बारावीतली मुलगी मोजून दाखवणार होती, की त्या हातात काही नाही.

त्या दिवशी जेवताना मी विचारलं, "हो कशाला म्हणालीस?"

"पोरीला मार्कं पाहिजेत."

"आणि काही उपयोग होत नाही असं निघालं तर?"

"तर नाही होत."

"लोक बोलवायचे बंद होतील, शालन."

ती म्हणाली, "आमटी घ्या अजून. उरली तर सकाळी तुम्हालाच संपवावी लागेल."

केतकीची थोरली बहीण स्नेहल बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं बाळ नुकतंच मान धरायला लागलं होतं. शालन त्याला बाळराजे म्हणायची. दिवसभर राजे गुणी असत. देवापाशी दिवा लागला की भोंगा सुरू. स्नेहलची आई उषावहिनी भिंतीवरून हाक मारायच्या, "शालनताई, या हो!" शालन मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन जायची. स्नेहलला पाटावर बसवायची, मांडीवर बाळ, आणि मूठ ओवाळत पुटपुटायची, "आल्यागेल्याची, पाहुण्यारावळ्याची, घरच्यादारच्याची..." मग ते सगळं विस्तवावर. मिरची जळून ठसका आला तर दृष्ट नव्हती. ठसका आला नाही, तर मात्र जबर दृष्ट होती. हे शास्त्र सगळ्यांना पाठ होतं.

केतकीचं शास्त्र वेगळं होतं. तिनं मला ओट्यावर बसवून समजावलं.

"काका, तुम्ही रोज नाणं उडवायचं. छापा आला की पुडीत मीठ-मोहऱ्या-मिरच्या बांधायच्या. काटा आला की नुसती वाळू. पुडी बाहेरून सारखीच दिसली पाहिजे."

"त्याला नाणं कशाला? एक दिवस हे, एक दिवस ते करतो की."

"मग काकींना पुढचा अंदाज येईल. आणि तुमच्यावर सोडलं, तर बाळ जास्त रडायला लागलं की तुम्ही मुद्दाम खऱ्या मिरच्या घालाल."

"मी?"

"काका, तुम्ही घालाल."

माझ्या मनात नेमकं तेच चाललं होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

"पुडीत काय आहे ते काकींना माहीत नसणार, ताईला नाही, मलासुद्धा नाही. कारण मला कळलं तर वाळूच्या दिवशी माझ्या हातून मोबाइलचं घड्याळ उशिरा थांबेल. माणूस नकळत करतो, असं पुस्तकात आहे. फक्त तुम्हाला माहीत. तुम्ही तारखा लिहून ठेवायच्या आणि सगळं झालं की मला द्यायच्या."

"सगळ्या कॉलनीत मीच सापडलो?"

"तुम्ही बाळाजवळ फिरकतच नाही. त्यामुळे तुमचा त्याच्यावर परिणाम होणार नाही."

हेही खरं होतं. मला लहान मुलांची भीती वाटायची. कुठून धरायचं ते कळायचं नाही.

पहिल्याच दिवशी काटा आला. मी वाळू बांधून पुडी दिली. शालननं ती नाकाशी धरली आणि म्हणाली, "आज वाळू आहे."

"काकी! वास कशाला घेतला?"

"देवानं नाक दिलंय म्हणून."

तो दिवस केतकीनं खोडून टाकला. दुसऱ्या दिवशी मी पुडी आधी प्लास्टिकमध्ये बांधली, वर फडकं शिवलं. शालननं ती कानाशी हलवली. "मिरच्या वाजत नाहीत," ती म्हणाली. हाही दिवस वाया. मग मी वाळूत आंब्याची वाळकी पानं चुरून घालायला लागलो. तेव्हा कुठं तिला कळेनासं झालं. ह्या वयात शिवणकाम करायची वेळ आली, तीही बायकोला फसवायला.

पुढची भानगड जाळायची. न जाळता दृष्ट उतरत नाही, ह्यावर शालन अडून बसली. शेवटी असं ठरलं, की ओवाळून झालं की पुडी माझ्या हातात द्यायची. मी ती आमच्या परसात नेऊन फोडायची आणि आतलं अंघोळीच्या बंबात टाकायचं. त्यानंतरच्या पहिल्या वाळूच्या दिवशी मी वाळू आणि पानं बंबात ओतली. अर्थात काहीच झालं नाही. तर भिंतीपलीकडून शालनचा आवाज, "बघा वहिनी! ठसका नाही! केवढी दृष्ट होती पोराला!"

"बाई गं!" उषावहिनी म्हणाल्या. "काल ती पलीकडची टक लावून बघत होती."

मी बंबापाशी तोंडावर टॉवेल धरून हसत होतो. तेवढ्यात केतकी धावत आली. मला बघून तिनं डोळे मिटून घेतले. "सांगू नका! काही सांगू नका! फक्त आजपासून तुम्ही रोज खोकायचं."

"मिरच्या नसल्या तरी?"

"असल्या तरी, नसल्या तरी. सारखंच खोकायचं."

तेव्हापासून मी रोज तिन्हीसांजेला बंबापाशी उभा राहून खोकत होतो. मिरच्यांच्या दिवशी आपोआप, वाळूच्या दिवशी अंगातलं कसब लावून. उषावहिनींनी काळजीनं अडुळशाचा काढा पाठवला. तो मला शालनसमोर प्यावा लागला, कारण खोकला खरा नाही हे तिलाही कळून चालणार नव्हतं. आता वाटतं, तिला कळत होतं. ती वाटी हातात देताना फार गंभीर तोंड करायची.

एका संध्याकाळी ती परत आल्यावर म्हणाली, "रोजच ठसका येतोय. म्हणजे ह्या पोराला कुणाची दृष्ट लागलेलीच नाही."

"मग रडतंय कशानं?"

"पोरं रडतातच," शालन म्हणाली.

थोडे दिवस झाल्यावर मी माझ्या तारखा काढल्या आणि बाळ रोज किती वेळ रडतं ते केतकीला सहज विचारलं. मापं घेण्यात जन्म गेला होता, त्यामुळे ताळा पटकन जमला. मीठ असो, वाळू असो, बाळराजे सारखेच रडत होते.

रात्री आडवं झाल्यावर मी शालनला म्हणालो, "तारखा माझ्याच हातात आहेत. थोड्या वाळूच्या दिवसांना मी मीठ म्हणालो, तर कुणाला कळणार आहे?"

ती एकदम उठून बसली. "अहो! लबाडी नाही करायची. पोरीचं बारावीचं आहे."

शालन गेल्यापासून मला 'अहो' म्हणणारं कुणी नाही. साहेब म्हणतात, काका म्हणतात, आजोबासुद्धा म्हणायला लागलेत. तो 'अहो' ऐकला, की हातात असेल ते खाली ठेवायची मला सवय होती. मी तारखा होत्या तशाच ठेवल्या.

पण केतकीच्या मॅडमचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. त्या म्हणाल्या, मीठ आणि वाळू ठीक आहे, पण दोन्ही दिवशी काकी येतात. काकी अजिबात आल्याच नाहीत, तर बाळ किती रडतं? ते मोजल्याशिवाय काकींमुळे काय झालं आणि आपोआप काय झालं, हे कसं कळणार? म्हणून नाण्याच्या जागी चिठ्ठ्या आल्या. एक मिठाची, एक वाळूची आणि एक, कुणीच जायचं नाही अशी.

त्या तिसऱ्या चिठ्ठीच्या संध्याकाळी वाईट जायच्या. भिंतीपलीकडं बाळराजे टिपेला पोचलेले, आणि शालन इकडं स्वयंपाकघरात. कणीक मळायची, ती झाकून ठेवायची, परत काढून मळायची.

"जाऊ नकोस," मी म्हणायचो. "ती मोजतेय."

"बाळाचं काही नाही हो. रडून रडून थांबेल ते."

"मग एवढी घालमेल कसली?"

"काही नाही," म्हणून ती परत कणकेला भिडायची. त्या दिवसांच्या पोळ्या फार मऊ व्हायच्या.

एका रविवारी दुपारी केतकी आली ती दाराशीच घुटमळली. शालन आत होती. मी बाहेर झोपाळ्यावर.

"काका, झालं सगळं."

"मला ठाऊक आहे काय झालं ते."

"काकी जाऊ देत, न जाऊ देत. मीठ, वाळू, काही नाही. सगळे दिवस सारखेच. बाळ आपापलं थांबतं." तिचा चेहरा इवलासा झाला होता. "मॅडम म्हणाल्या, फार चांगला प्रयोग झालाय. वर्गात सगळ्यांपुढं सांगायचाय."

"मार्कं मिळतील ना? झालं तर मग. हिला कशाला सांगतेस?"

"सांगावंच लागतं. ज्याच्यावर प्रयोग केला, त्याला शेवटी सगळं खरं सांगायचं, असा नियमच आहे. न सांगता प्रयोग पुरा होत नाही."

"हा कसला नियम? माणसाला दुखवायचा?"

"कोण कुणाला दुखवतंय?" शालन पदराला हात पुसत दारात आली. "ये गं, बस. काय निघालं?"

केतकीनं सांगितलं. खाली बघून, एका दमात, सगळं. मी शालनच्या तोंडाकडं बघत होतो. मला ते बारसं आठवत होतं. उद्या ही मुलगी वर्गात सांगणार, परवा पोरींच्या आयांना कळणार. मग कुणाच्या दारात ही कुठल्या नात्यानं जाणार?

शालन हसायला लागली. मनापासून, खांदे हलवत.

"वाळूची दृष्ट! आणि हे बंबापाशी खोकताहेत! काढा पिताहेत!"

"काकी, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"अगं, हे मला ठाऊक होतं. मीठ-मोहरीनं कधी रडं थांबतं का? वेळ झाली की पोर थांबतं. मी नेमकी त्याच वेळेला पोचते एवढंच."

मी झोपाळा थांबवला. इतकी वर्षं संसार केला आणि हे मला नवीन होतं.

"मग जाता कशाला?" केतकीनं विचारलं.

"तू रोज तिथं बसून मोजत होतीस. काय मोजत होतीस?"

"बाळ किती वेळ रडतं ते."

"आणि त्या खोलीत दुसरं कुणी रडत नव्हतं?"

केतकीची नजर घड्याळावर आणि बाळावर असायची. बाळाच्या वर, पाटावर बसलेल्या माणसाकडं तिनं पाहिलंच नव्हतं. ते आठवायला तिला वेळ लागला.

"ताई..." ती हळूच म्हणाली. "तुम्ही यायचा नाहीत त्या दिवशी ती ओढणी तोंडात धरून बसायची. मला वाटलं, दात शिवशिवत असतील."

"पहिलटकरणीचे दात नाही शिवशिवत. अगं, तीन-चार बायका एकदम शिकवत असतात तिला. असं धर, तसं पाज, तुला जमत नाही, आमच्या वेळी असं नव्हतं. बाळ रडलं की तिला वाटतं, आपणच कुठंतरी कमी पडतोय. मग मी जाते आणि म्हणते, कुणाची तरी दृष्ट लागलीय. म्हणजे काय? म्हणजे पोरी, तुझं काही चुकलेलं नाही. तिला पाटावर बसवते. बाकीच्यांना लांब व्हायला सांगते. मूठ ओवाळते ती दोघांवरून. तेवढा वेळ तिला कुणी शिकवत नाही."

"पण हे तुम्ही नुसतं जाऊन पण सांगू शकता. मीठ कशाला?"

"हातात मीठ असलं की दार उघडतात गं," शालन म्हणाली. "रिकाम्या हातानं गेलं, तर म्हणतात, ही कशाला आली."

हे ती इतक्या साध्या आवाजात बोलली, की केतकीला त्यात काही विशेष वाटलं नसेल. मला वाटलं. मी पेपर उचलून तोंडापुढं धरला.

केतकी मात्र ताडकन उठली होती. "काकी, म्हणजे माझं मापच चुकलं! मी चुकीच्या माणसाचं रडणं मोजलं! आता मी ताईला मोजते. परत चिठ्ठ्या, परत मीठ..."

"बस खाली. बाळाला विचारता येत नव्हतं म्हणून त्याला न विचारता मोजलंस. तिला तोंड आहे. तिला आधी विचार."

"काय विचारू?"

"ते तुमच्या पुस्तकात नाही का?"

संध्याकाळी भोंगा सुरू झाला तेव्हा शालननं मला उठवलं. "चला तुम्ही पण." मी पुडी बांधायला निघालो, तर म्हणाली, "आज पुडी नको." ती हात हलवत निघाली, पण फाटकापाशी घुटमळली. तिथून परत फिरेल असं मला वाटलं. उषावहिनी देवळात गेल्या होत्या. पुढच्या खोलीत स्नेहल बाळाला घेऊन येरझाऱ्या घालत होती. राजे लालबुंद.

केतकी हातातला मोबाइल कॉटवर टाकून तिच्यासमोर उभी राहिली.

"ताई, तुला कसं वाटतंय?"

"दिसत नाही का? थांबत नाहीये तो."

"त्याचं नाही गं. तुझं विचारतेय."

स्नेहल थांबली. तिनं केतकीकडं पाहिलं, शालनकडं पाहिलं. मग तिचा चेहरा असा काही वेडावाकडा झाला, की शालननं पुढं होऊन आधी बाळ काढून घेतलं आणि समोर मीच उभा होतो म्हणून माझ्या हातात कोंबलं. स्नेहल पाटावर नाही, खाली फरशीवरच बसली आणि रडायला लागली. केतकी तिच्या शेजारी बसली. दोघी बहिणी काहीबाही बोलत होत्या, बाळ ओरडत होतं, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी त्याला छातीशी धरून भिंतीकडून दाराकडं आणि दाराकडून भिंतीकडं जात होतो. कॉटवरच्या मोबाइलकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

राजे दमले तेव्हा स्नेहलचं शेवटचं वाक्य ऐकू आलं. तिनं शालनचा रिकामा हात धरला होता आणि तळव्यावर काही नाही हे तिलाही आत्ताच दिसत होतं.

"काकी, आता रोज अशाच या. मीठ-बीठ काही आणू नका. नुसत्या या."

"आणि तुझ्या आईनं विचारलं, कशाला आली, तर?"

"आईला मी सांगते ना. माझ्याकडं आल्या म्हणून सांगते."

शालननं हात सोडवून घेतला नाही. मग ती एकदम माझ्याकडं वळली.

"अहो, बाळाला असं धरतात का? मानेखाली हात घाला. इतकं वय झालं, एवढं कळत नाही?"

माझा हात मानेखालीच होता. पण तिला त्या वेळी कुणावर तरी ओरडायचं होतं, म्हणून मी तो काढला आणि परत घातला.